चाळीस काडतुसं

मिशिगनमध्ये घर घेतलं, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. दारातला बर्फ उपसणं आणि रायफलची काडतुसं घरी भरणं. दुसऱ्या गोष्टीचं इथे कुणाला नवल नाही. साताऱ्याला सांगितलं, तर आई दोन दिवस बोलली नाही.

काम तसं सोपं. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, दाबून मूळ आकारात आणायची. बुडाशी नवा प्रायमर, आत मोजून दारू, वर गोळी. अवघड असतं ते सगळी काडतुसं एकसारखी करणं. माझ्या पहिल्या खेपेत सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत सेकंदाला ६० फुटांचा फरक होता. १०० यार्डांवर तो फारसा कळत नाही. लांबच्या निशाण्यावर मात्र मंद गोळ्या खाली लागतात.

मी दारूच्या मागे लागलो. ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत तोलू लागलो. फरक थोडाच कमी झाला. आजोबा म्हणाले, "पुंगळ्या बघ." माझ्या डब्यात काही दोनदा झाडलेल्या होत्या, काही आठदा. दर वेळी पितळ कडक होत जातं, मग पुंगळीची मान प्रत्येक गोळीला वेगळ्या जोराने धरते. मी त्या वेगळ्या लावल्या, माना तापवून मऊ केल्या, लांबी सारखी कापली. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत. फरक २५ फुटांवर आला.

मग एका रात्री बाबांचा फोन आला. साताऱ्यात सकाळचे सात वाजले होते. टेबलावर दारूचे दोन डबे उघडे होते. बोलून आलो, पुन्हा भरायला बसलो. शेवटी झाकण लावताना हात थांबला. फोननंतर मापात ओतली ती कुठल्या डब्यातली? दोन्ही दिसायला सारख्याच करड्या, पण एक दुसरीपेक्षा बरीच वेगाने जळते. चुकीची भरली गेली असेल, तर रायफल तोंडाजवळ फुटू शकते.

आजोबांनी विचारलं, "फोननंतरची कोणती?"

"नक्की सांगता येत नाही."

"मग सगळी."

चाळीसच्या चाळीस काडतुसं हातोडीसारख्या अवजारात घालून, आपटून उघडली. ती दारू पुन्हा कुठल्याच डब्यात घातली नाही.

आता टेबलावर एकच डबा असतो आणि फोन स्वयंपाकघरात. वहीत त्या रात्रीच्या पानावर वेगाचे आकडे नाहीत. फक्त लिहिलंय, 'फोन घेतला.'