दात न मोजता

माणूस नोकरीतून मोकळा झाला की त्याला कसला ना कसला नाद लागतोच. कुणी भजनी मंडळात शिरतो, कुणी दुसऱ्यांची लग्नं जमवत हिंडतो. मी रंगाची पेटी आणली. व्यक्तिचित्र शिकायचं!

आमच्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिथे बैल घेताना लोक दात मोजतात, खूर उचलून बघतात. माणसाच्या चेहऱ्याकडे इतकं निरखून बघायची कुणाला सवय नसते, आणि व्यक्तिचित्राला नेमकी तीच लागते. ती लागावी म्हणून थोरांचं चित्र समोर ठेवून गिरवायचं, ही जुनी रीत.

मी सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' निवडलं. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा त्याला आडोसा, अशी ती उभी बाई. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात, आमच्याकडे कॅलेंडरावर.

"वा! राजा रविवर्मा!" येणारा प्रत्येक जण म्हणतो. रविवर्मा वारले १९०६ साली आणि हे चित्र १९४५-४६चं. पण समोरच्याच्या हातात चहाची बशी असताना इतिहास काढू नये.

चित्र जलरंगातलं. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. थोडक्यात, दिवा रंगवायचा नाही, भोवतीचा अंधार रंगवायचा. मी आठ दिवस अंधारच रंगवत होतो. हिने डोकावून विचारलं, "अहो, चित्रातसुद्धा वीज गेली का?"

नवव्या दिवशी बोटांच्या कडांना तांबूस उजेड आला, तेव्हा ही चहा ठेवून तिथेच उभी राहिली.

या चित्रासाठी उभी होती हळदणकरांची स्वतःची लेक, गीता. ती बोटं गिरवताना सारखं वाटायचं, हा बाप पोरीकडे किती वेळ नुसता बघत राहिला असेल! एरवी घरच्या माणसाकडे आपण बोलण्यापुरतंच बघतो.

म्हणून आता आईला दाराशी, उजेडात बसवलंय. नव्वदीला टेकलीय. तिचा फोटो आहे तो रेशनकार्डापुरता. त्यावरून रेशन मिळतं, आई सापडत नाही. मी तासभर बघत राहिलो, तशी म्हणाली, "यात्रेतला बैल बघावा तसा काय बघतोस रे? दात मोजशील तर एकही उरला नाही."

आणि हसली. सगळ्या सुरकुत्या डोळ्यांकडे धावल्या.

"आई, आता हलू नकोस," मी म्हटलं.