पोच दिली, पत्र फेकलं

‘साहेब, पोरीनं माझ्यासमोर पाठवलंय. मोबाइलवर ‘सेंट’ आलंय.’ फोनवरचे गृहस्थ पुन्हा पुन्हा हेच सांगत होते आणि मी तितक्याच ठामपणे म्हणत होतो, ‘आमच्याकडे काहीच आलेलं नाही.’ शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती.

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. अर्जांसाठीचा ईमेल पत्ता प्रत्येक जाहिरातीत छापलेला, त्यामुळे स्पॅमचा पाऊस. कार्यालयातल्या मॅडम वैतागल्या होत्या. रोज दीडदोनशे मेलमधून दहाबारा कामाचे निवडायचे. मी म्हटलं, आठवड्याभरात बंद करतो.

आमच्याकडे स्पॅमअसॅसिन चालतं. ते प्रत्येक मेलला अनेक कसोट्या लावतं, कसोटीगणिक गुण देतं आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरवतं. मी ती मर्यादा ३ वर आणली. परक्या भाषांतला कचरा थांबवायला भाषा ओळखणारी सोय चालू केली आणि चालणाऱ्या भाषांच्या यादीत फक्त इंग्रजी लिहिली. घरीदारी मराठी बोलणाऱ्या मला त्या क्षणी मराठी आठवली नाही. शेवटी, स्पॅम ठरलेला मेल बाजूला न ठेवता थेट पुसून टाकायचा आदेश दिला. डिस्क भरत होती, एवढंच कारण. इनबॉक्स स्वच्छ झाला, माझं कौतुक झालं.

फोन ठेवल्यावर सर्व्हरच्या नोंदी चाळल्या. त्या मुलीचा मेल आला होता. एकूण गुण ३.६. त्यातले २.८ नको असलेल्या भाषेचे, उरलेले फोटो मोठा आणि मजकूर थोडा म्हणून. गुणपत्रिकेचा फोटो आणि वर मराठीत दोन ओळी, एवढाच तिचा अर्ज असणार. मूळची ५ ची मर्यादा ठेवली असती, तरी तो सुखरूप पोचला असता.

सर्वांत जास्त लागला तो त्याच्या आधीचा आकडा : २५०. मेल घेताना आमच्या सर्व्हरने समोरच्याला दिलेलं ते उत्तर. मेलच्या नियमांत त्याचा अर्थ स्पष्ट आहे : पत्र मिळालं, आता ते पोचवणं किंवा पोचलं नाही तर कळवणं ही माझी जबाबदारी. आम्ही पोच दिली आणि पत्र फेकलं. चार महिन्यांच्या नोंदींत असे आणखी सतरा मेल सापडले. पत्ते होते, पत्रं नव्हती.

घाईघाईत मी आणखी एक चूक केली. अडवलेल्या प्रत्येक मेलची सूचना पाठवणाऱ्याला जाईल अशी व्यवस्था केली. पण स्पॅमवरचा पत्ता बहुधा खोटा, कुणा तिसऱ्याचाच असतो. आम्हाला कधीही न लिहिलेल्या लोकांवर आमच्या सूचनांचा मारा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी ते बंद केलं.

योग्य जागा दारातच होती. आता उघड कचरा आम्ही स्वीकारतच नाही. संभाषण चालू असतानाच ५५० म्हणून नकार देतो. त्यामुळे पाठवणारा खरा माणूस असेल, तर त्याचाच सर्व्हर त्याला कळवतो. संशयित मेल वेगळ्या फोल्डरमध्ये तीस दिवस राहतात. मर्यादा पुन्हा ५ आहे. यादीत मराठी आणि हिंदीही आहेत.

पॉल ग्रॅहम यांचा स्पॅमवरचा २००२ सालचा लेख मी वाचला होता. चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी ते मुद्दाम दुप्पट धरतात. खरं पत्र अडकण्यापेक्षा थोडं स्पॅम आत आलेलं बरं, म्हणून. वाचलं होतं, पण मनात भरलं नव्हतं. स्पॅम आत आलं की तक्रार येते. अडकलेल्या पत्राची तक्रार कोण करणार? लिहिणारा उत्तराची वाट बघत बसतो आणि आपल्याला नाकारलं असं समजून गप्प होतो. माझ्या चार महिन्यांच्या कौतुकामागे ही शांतता होती.

सचिवांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी मुदत वाढवून दिली. त्या मुलीला आणि त्या सतरा जणांना मी स्वतः लिहिलं, चूक आमची होती असं स्पष्ट म्हणून. मुलीचा अर्ज त्याच संध्याकाळी आला. सतरापैकी नऊ जणांनी पुन्हा अर्ज पाठवले. आठ जणांकडून काहीच आलं नाही.

आता रोज सकाळी मी आधी ते संशयितांचं फोल्डर उघडतो आणि एकेक विषय डोळ्यांनी वाचतो. वीस मिनिटं लागतात.