कोचीची दैनंदिनी : भाग २

सोमवार
पहाटेपासून पावसाने धरून ठेवलंय. कोचीन युनिव्हर्सिटीचा सागरविज्ञानाचा कॅम्पस एर्नाकुलमला, खाडीला लागूनच आहे. एम.एस्सी.च्या वर्गात मराठी बोलणारी मी एकटीच. शेजारच्या बाकावरच्या कण्णूरच्या मुलीने न विचारताच डबा पुढे सरकवला. पुट्टू आणि कडला करी! ओल्या नारळावर वाढलेली माझी जीभ लगेच रुळली. "शनिवारी फोर्ट कोचीला येतेस?" तिने विचारलं.

बुधवार
पहिलं प्रॅक्टिकल. खाडीचं पाणी बादलीने वर काढलं, त्यातला थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडला आणि यंत्र उजेडाकडे धरलं. समुद्राची क्षारता हजारी 35च्या आसपास असते. इथे आकडा जेमतेम शून्याच्या वर. पावसाळ्यात पेरियार आणि इतर नद्यांचं गोडं पाणी हलकं म्हणून वर पसरतं, खारं पाणी जड म्हणून तळाने आत शिरतं. लहानपण रत्नागिरीच्या खाडीकाठी गेलं, पण हे मोजून पाहिलं ते आज.

शनिवार
वॉटर मेट्रोने फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या कबरीची जागा पाहिली. 1524 मध्ये तो कोचीत वारला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. मन रमलं ते मात्र चिनी जाळ्यांपाशी. एक जण वाशावरून पुढे चालत जातो, त्याच्या भाराने जाळं पाण्यात उतरतं. मग बाकीचे मागचे दोर ओढतात. दोरांना टांगलेले धोंडे एकेक करून खाली टेकतात आणि तोल सांभाळला जातो. आम्हीही दोर ओढला. जाळ्यात मूठभरच मासळी आली, तरी सगळ्यांनी एकच गलका केला.

रविवार
वर्गातल्या आणखी एका मैत्रिणीने मट्टांचेरीजवळ चेर्लाईला घरी जेवायला बोलावलं. गोव्याहून काही शतकांपूर्वी आलेल्या कोंकणी कुटुंबांची ही वस्ती. तिची आजी दाळितोय वाढत कोंकणीत बोलत होती, मी मराठीत. गप्पा कुठे अडल्या नाहीत. कण्णूरची मैत्रीण मध्येच थांबवून अर्थ विचारायची. ज्यू, गुजराती, कोंकणी, सगळे या बंदरात आले आणि इथलेच झाले. अशा गावात नव्या माणसाला फार दिवस परकं राहू देत नाहीत, हे मला या घरात कळलं.

ओणमच्या सुट्टीत कण्णूरला जायचं पक्कं झालंय. पुढचा भाग तिथून.