बिनकामाचें फूल

फूल कशासाठीं लावावें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या देवणींत फार सोपें आहे. तें देवासाठीं लावावें, वेणीसाठीं लावावें, दसऱ्याच्या तोरणासाठीं लावावें, आणि चार पैसे सुटत असतील तर उदगीरच्या बाजारासाठीं लावावें. जास्वंद, मोगरा, झेंडू, शेवंती ही सर्व मंडळी या कसोटीला उतरते आणि म्हणून अंगणांत मानानें नांदते. आम्ही गेलीं पंधरा वर्षें ज्या फुलाच्या नादीं लागलों आहोंत, तें मात्र यांपैकीं एकाहि कसोटीला उतरत नाहीं. डेलियाला वास नाहीं. फूल ताटलीएवढें, तें वेणींत माळावयाचें म्हटलें तर वेणीच फुलांत माळावी लागेल. पूजेच्या तबकांत त्याला जागा नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं एकदां एक पांढरा डेलिया देव्हाऱ्यांत ठेवून पाहिला, तों मागचे देवच दिसेनासे झाले. अशा या सर्वस्वीं बिनकामाच्या फुलाविषयीं चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

आमच्या कुंपणापलीकडे राहणारे आप्पा हे या बाबतींत आमचे नित्याचे टीकाकार आहेत. वय सत्तरीच्या पुढें, जमीन थोडी, परंतु दावणीला दोन जातिवंत देवणी गाई. आमच्या गांवाचें नांव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे तें या गोवंशामुळें, आणि आप्पांच्या मतें त्याहून अधिक कांहीं ठाऊक असण्याची जगाला गरजहि नाहीं. पहिल्या वर्षीं आमच्या कुंड्यांपुढें उभे राहून त्यांनीं विचारलें, "सर, ह्याला वास न्हाई, ह्याचं बी खाता येत न्हाई, बाजारात न्यावं तर कुणी इचारत न्हाई. मग हे करायचं तरी कशाला?" आम्ही पंचवीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी काव्य शिकवीत आहोंत, म्हणजे ज्या गोष्टींचा उपयोग सांगतां येत नाहीं त्यांची वकिली करणें हाच आमचा पोटाचा धंदा. शिवाय आम्ही वर्गांत ज्या डॅफोडिलांचें गुणगान करतों तीं आमच्या विद्यार्थ्यांनीं कधीं पाहिलेलीं नाहींत, आणि मराठवाड्याच्या हवेंत तीं फुलणार नाहींत. डेलिया निदान डोळ्यांपुढें तरी होता. परंतु आप्पांपुढें ही वकिली कोणत्या शब्दांत करावी, हें सुचेना. "दिसायला बरं दिसतंय, आप्पा," एवढेंच आम्ही म्हणालों. आप्पांनीं मान हलविली, आणि संध्याकाळीं कुजलेल्या शेणखताच्या दोन पाट्या मात्र न मागतां पाठवून दिल्या.

डेलिया आम्हीं प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेंत, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें दर जानेवारींत भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांत. परंतु पाहण्याचें सुख निराळें आणि वाढविण्याचें निराळें. पहिलें घटकाभराचें, दुसरें बारा महिन्यांचें. पावसाळा ओसरला कीं आम्ही रोपें कुंड्यांत लावतों. आमची माती काळी. ओली असतां लोण्यासारखी, आणि वाळली म्हणजे हात जाईल एवढ्या तिला भेगा. ही माती पाणी धरून बसते, म्हणून नुसत्या काळ्या मातींत डेलियाचा कंद कुजतो. तेव्हां एक वाटा काळी माती, एक वाटा नदीची वाळू, एक वाटा आप्पांचें शेणखत, आणि तळाशीं विटांचे तुकडे, असें आमचें प्रमाण ठरून गेलें आहे. रोप वीतभर वाढलें कीं त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूंनीं फुटवे येतात आणि फुलें पुष्कळ मिळतात. एकच परंतु थोरलें फूल हवें असेल तर शेंडा राखावा आणि बगलेंतले फुटवे काढीत जावे. आधाराला पहिल्या महिन्यांत तुराटी पुरते. पुढें वेळूची काठी रोवावी लागते, कारण दांडा दिसावयास जाड असला तरी आंतून पोकळ असतो आणि फुलाच्या भारानें मोडतो.

कळ्या येतात त्या बहुधा तिघी मिळून, मधली मोठी आणि दोन बाजूंस दोन. मधलीला पूर्ण वाढूं द्यावयाचें तर बाजूच्या दोघी वाटाण्याएवढ्या असतांनाच नखानें काढाव्या लागतात. उत्तरपत्रिका तपासतांना काठावरच्या मुलाला दोन गुण देण्यास आमचा हात कधीं अडखळला नाहीं; येथें मात्र त्याच हातानें रोज सकाळीं असा निष्ठुर निवाडा करावा लागतो.

पुढें पौषाच्या थंडींत तें फूल उमलूं लागतें. एका दिवसांत उमलून मोकळें होणाऱ्यांतलें तें नव्हे. बाहेरची ओळ प्रथम सुटते, मग तिच्या आंतली, मग तिच्या आंतली. आठ-दहा दिवस हें चालतें आणि रोज सकाळीं कालच्यापेक्षां निराळें फूल पुढें असतें. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतों त्या खरोखर पाकळ्या नव्हेत; ती एकेक स्वतंत्र फुलें आहेत. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि आमच्या शिवारांतली करडई हीं सर्व याच कुळांतलीं. एका देठावर शंभर फुलें एकमेकांस जागा देऊन गोल बसलीं आहेत, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे तें ताट पुनः साध्या नजरेनें पाहतां येत नाहीं.

फाल्गुनाच्या सुमारास पानें पिवळीं पडतात. मग दांडा वीतभर ठेवून कापावा आणि कुंडी उपडी करावी. दिवस लहान होत जातात तसतसें हें झाड जमिनीखालीं आपली शिदोरी बांधीत असतें, ती आतां हातीं येते: रताळ्यांसारखे लांबट कंद, एका गळ्याशीं जमलेले. बटाट्याला अंगभर डोळे असतात, कसाहि चिरला तरी तो उगवतो. डेलियाचें तसें नाहीं. कंद कितीहि पुष्ट असला तरी त्याला जुन्या खोडाचा थोडासा गळा लागून राहिला नसेल तर तो आंधळा. त्याला कोंब फुटत नाहीं. हे झुपके सांवलींत सुकवून आम्ही खोक्यांतल्या कोरड्या वाळूंत निजवितों आणि खोकीं माजघरांत पलंगाखालीं सारतों. मृगाचा पाऊस पडला कीं अंधारांतच त्यांना जाग येते.

हें फूल मूळचें मेक्सिकोच्या डोंगरपठारांवरचें. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को हर्नांडेझ सोळाव्या शतकांत तेथील वनस्पतींची नोंद करीत हिंडला, त्यानें तें पाहून लिहून ठेविलें. तेथील लोकांचें त्याला एक नांव होतें, आकोकोत्ली. त्याचा अर्थ 'पाण्याची नळी' असा सांगतात. १७८९ मध्यें त्याचें बीं माद्रिदच्या राजोद्यानांत आलें आणि १७९१ मध्यें कावानिल्येस या धर्मगुरु वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याला लिनीअसचा स्वीडिश शिष्य अँडर्स दाल याचें नांव दिलें. दाल १७८९ सालींच वारला होता. तेव्हां ज्याच्या नांवानें जग या फुलाला ओळखतें त्यानें तें पाहिलें असण्याचा संभव नाहीं. पुढें एका जर्मन पंडितानें त्याला गिओर्गी नांवाच्या दुसऱ्याच शास्त्रज्ञाच्या पदरीं घातलें, आणि रशियांत आजहि तें त्याच नांवानें चालतें. १९६३ मध्यें मेक्सिकोनें त्याला आपलें राष्ट्रीय पुष्प ठरविलें. परदेशी म्हणून आप्पांनीं त्याला हिणवावें, तर ज्या झेंडूचें तोरण ते गाईच्या गोठ्याला बांधतात तोहि मेक्सिकोचाच, आणि त्यांच्या भाकरीवरची मिरचीहि त्याच बाजूची. या दोघांना आपल्याकडे आल्याबरोबर काम मिळालें. डेलियाला मिळालें नाहीं, एवढाच फरक.

आपल्या देशांत डेलियाचा खरा दरबार भरतो तो बंगालमध्यें. रामकृष्ण संघाचे स्वामी विनयानंद यांनीं त्याच्या अनेक नव्या जाति तयार केल्या. संन्याशानें या फुलाचा संसार करावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. कलकत्त्यास अलीपूर येथें जी जुनी बागाईत-संस्था आहे ती १८२० मध्यें विल्यम कॅरी यानें स्थापिली. हा तोच कॅरी, ज्यानें वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें बंगालच्या श्रीरामपुरांत १८०५ मध्यें मराठीचें व्याकरण आणि १८१० मध्यें मराठीचा कोश छापला. आपल्या भाषेचा पहिला छापील कोशकार बागवान होता, हें आमच्या मराठीच्या सहाध्यापकांस आम्ही संधि मिळेल तेव्हां ऐकवितों.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, हें सर्व ठीक. परंतु लातूर जिल्ह्यांत बसून फुलांना पाणी घालणाऱ्यानें पाण्याचें काय तें बोलावें. आम्ही तेंच बोलणार आहोंत. २०१५ च्या पावसानें दगा दिला. आश्विनांतच आमच्या कूपनलिकेंतून पाण्याऐवजीं वारा येऊं लागला. रोपें बाविसांची तयार होतीं. त्या वर्षीं कुंड्या भरावयाच्या नाहींत असें आम्हीं ठरविलें, आणि तें ठरवितांना मोठेंसें धैर्य लागलें असें नाहीं. टँकरच्या रांगेंत ज्याच्या घरचीं माणसें घागरी घेऊन उभीं राहतात त्याला असले निर्णय आपोआप सुचतात. परंतु डेलियाचें वंशसातत्य विचित्र आहे. एक हंगाम त्याला मातींत घातलें नाहीं तर कंद सुकून जातो. पुढल्या वर्षासाठीं राखून ठेवीन म्हटल्यानें तो राहत नाहीं. म्हणून दोन कुंड्या ठेविल्या, एक पांढऱ्याची आणि एक लाल ठिपक्यांच्या पांढऱ्याची. तांदूळ आणि भाजी धुतलेलें पाणी दोन तांबे, एवढा त्यांचा शिधा. बाकीच्या वीस गेल्या. त्यांत एक गर्द जांभळा होता, तसा पुढें मिळाला नाहीं.

जानेवारींत त्या दोन झाडांना प्रत्येकीं एकच फूल आलें, बशीएवढें. आप्पांनीं तोंवर आपल्या दोन्ही गाई लेकीच्या गांवीं पोंचविल्या होत्या, आणि रिकामा गोठा पाहवत नाहीं म्हणून ते दिवसाचा पुष्कळ वेळ आमच्या ओट्यावर काढीत. त्यांनीं फुलांकडे पाहिलें आणि पाणी किती लागतें तें विचारलें. आम्हीं सांगितलें. त्यांनीं बोटांवर हिशेब केला. "म्हंजे माझी एक गाय दिवसाला जितकं पीती, तितक्यात ह्यांचा महिना जातोय," ते म्हणाले. तें समर्थन होतें कीं आरोप, हें आम्हांस त्यांच्या मुद्रेवरून कळलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर आजहि कळलेलें नाहीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणी, पांच लाख लिटर पाणी. त्या वेळीं आमचे कंद पलंगाखालीं वाळूंत होते आणि कोणाकडे थेंबभरहि पाणी मागत नव्हते.

हाच आमचा डेलियाच्या बाजूनें एक मुद्दा आहे. त्याची तहान आश्विनापासून माघापर्यंतची, म्हणजे विहिरींत जें असावयाचें तें असतें तेव्हांची. चैत्र-वैशाखांत, घागरीला मोल चढतें तेव्हां, तो निजलेला असतो. ऊस बारा महिने उभा राहतो आणि भर उन्हाळ्यांत पितो, त्याला कोणी बिनकामाचा म्हणत नाहीं. बाविस कुंड्या, रोज एक लिटर, पांच महिने, असा हिशेब केला तर तीन हजार तीनशें लिटर होतात. त्या आगगाडीच्या एका वाघिणीचा पंधरावा भाग. हा आंकडा थोडा कीं फार, हें ज्याच्या त्याच्या घागरीवर अवलंबून आहे. आमचें स्वतःचें मत असें कीं, टंचाई आली म्हणजे पहिली कात्री फुलाला लागावी, आणि तरी शेवटची एक कुंडी राहूं द्यावी. हें मत तर्काला धरून आहे असा आमचा दावा नाहीं.

आप्पांच्या गाई पुढच्या पावसाळ्यांत परतल्या. त्या वर्षापासून त्यांनीं आमच्या फुलांना नांवें देण्यास आरंभ केला, कारण कुंड्यांवर आम्हीं चिकटविलेलीं इंग्रजी नांवें त्यांना केवळ हास्यास्पद वाटत. देवणी गाईंत तीन वाण आहेत: अंग सगळें पांढरें तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवरा, आणि अंग पांढरें परंतु तोंडाच्या बाजू काळ्या तो वानेरा. त्याप्रमाणें आमचा पांढरा डेलिया बालंक्या झाला आणि ठिपक्यांचा शेवरा. आमच्या घरांत आतां हींच नांवें चालतात. वानेरा आम्हांजवळ नाहीं. पांढऱ्याभोंवतीं काळसर जांभळी कड असलेलें फूल कोठें मिळालें तर आणावें, अशी आप्पांची सूचना आहे.

तें आणण्यापेक्षां घरींच होतें का पाहावें म्हणून गेल्या दोन वर्षांपासून आम्ही बीं पेरीत आहोंत. कंदापासून किंवा छाटापासून केलेलें झाड आईसारखेंच निघतें. बियांचें झाड कोणासारखें निघेल तें सांगतां येत नाहीं. बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, डेलियांत आठ. एकूण चौसष्ट गुणसूत्रें. एवढ्या सोंगट्या एकदम फेंकल्यावर कोणतें दान पडेल याचा नेम काय? निळा तेवढा अद्याप जगांत कोणालाहि पडलेला नाहीं. आमच्या सोळा रोपांपैकीं चौदा साधींच निघालीं, एकेरी पाकळ्यांचीं, मेक्सिकोच्या डोंगरावर शोभतील अशीं. पंधरावें फुललेंच नाहीं. सोळाव्याला यंदा पौषांत एक लहानसें फूल आलें. रंग करडईच्या फुलाचा, आणि पाकळ्यांचीं टोकें पांढरीं. प्रजासत्ताक दिनाला आप्पांची नात तें शाळेंत नेण्यासाठीं मागावयास आली. एकच होतें म्हणून आम्ही क्षणभर घुटमळलों, मग कात्री आणली. त्याचा कंद आतां वाळूंत आहे, तीन बोटांचा, गळ्यासकट. आप्पांनीं त्याला नांव दिलेलें नाहीं. जनावराचें असो कीं फुलाचें, दुसऱ्या वेतापर्यंत वाण ओळखूं येत नाहीं, असें ते म्हणतात.