हाताने टाकलेला आकडा

वर्ध्यात एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवताना मी क्रॅब नेब्युलाच्या गॅमा किरणांचे प्रारूप संगणकावर मांडले. फर्मी उपग्रहाची निरीक्षणे सर्वांना खुली असल्याने हे काम इथूनही करता येते. १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचा हा अवशेष. त्यातला पल्सार सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. त्याच्या वाऱ्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना सिंक्रोट्रॉन प्रारण देतात आणि कमी ऊर्जेच्या फोटॉनांना धडकून त्यांचे गॅमा किरण करतात.

धडकेसाठी मी फक्त विश्वभर पसरलेले सूक्ष्मलहरी फोटॉन धरले. क्रॅबमध्ये मोठा वाटा नेब्युलाच्या स्वतःच्या सिंक्रोट्रॉन फोटॉनांचा असतो. तो राहून गेला. गॅमा किरण कमी पडले. कारण शोधायचे सोडून मी इलेक्ट्रॉन वाढवले आणि चुंबकीय क्षेत्र निम्म्यावर आणले. सिंक्रोट्रॉन तेवढेच राहिले, गॅमा वर आले. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या आलेखातले वळणही मी हातानेच ठेवले होते. रेषा बिंदूंवरून गेली आणि मी ती वर्गात अभिमानाने दाखवली.

हिंगणघाटहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नेब्युलाचं वय तर माहीत आहे. मंग इलेक्ट्रॉनच्या आलेखाचं हे वळण हातानं कायले टाकलं?"

तिचा प्रश्न वर्मावर बसला. ते वळण वयावरूनच काढायला हवे होते: ज्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तेवढ्या वयात ऊर्जा गमावतात, तिथे ते येते. १२५ मायक्रोगाऊस क्षेत्रात १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन सुमारे ८०० वर्षांत ऊर्जा गमावतो. क्षेत्र निम्मे केले की चौपट काळ लागतो. वय धरून हिशेब केला, तेव्हा सिंक्रोट्रॉनचे वळण आठपट कंपनसंख्येवर सरकले आणि माझी रेषा अवरक्त व दृश्य प्रकाशातल्या निरीक्षणांपासून सुटली.

मग राहिलेले फोटॉन घातले, पण थॉमसनच्या साध्या सूत्राने. आता सर्वोच्च ऊर्जेला गॅमा किरण फार जास्त आले. या वेळी क्षेत्र हाताने बदलून रेषा जुळवली नाही. एवढ्या ऊर्जेला धडकेची शक्यता घटते, हे सांगणारे क्लाइन-निशिना सूत्र वापरले. जुळवणीत क्षेत्र आपोआप १२५ मायक्रोगाऊसच्या आसपास स्थिरावले.

आता विद्यार्थ्यांकडून आलेखाआधी एक तक्ता मागतो: कोणता आकडा मोजलेला, कोणता सूत्रातून आलेला, कोणता आपण निवडलेला. तिसरा रकाना लांबला, तर जुळलेल्या रेषेवर मी विश्वास ठेवत नाही.