वेगळं निघायचं, पण कसं?

मैत्रिणींनो, 'वेगळं निघणं' हे दोन शब्द आपल्यापैकी प्रत्येकीच्या कानांवरून कधी ना कधी गेलेले असतात. कुणाच्या सासरी, कुणाच्या माहेरी, नाहीतर शेजारच्या बिऱ्हाडात. एका चुलीच्या दोन चुली होतात तेव्हा भांडीकुंडी आणि शेतजमीन वाटली जातेच. पण त्या वेळी जी बोलाचाली होते, ती माणसं जन्मभर विसरत नाहीत. आज मी तुम्हाला एका फार मोठ्या घराच्या वेगळं निघण्याची गोष्ट सांगणार आहे. ते घर म्हणजे ब्रिटन, आणि ज्या एकत्र कुटुंबातून ते बाहेर पडलं, तो युरोपीय संघ.

तुम्ही म्हणाल, "अहो, साहेबाच्या देशातलं भांडण! आपल्याला त्याचं काय?" आमच्या ह्यांनीही मला हेच विचारलं. पण माझी दोन कारणं आहेत. एक म्हणजे मी अर्धवेळ शिक्षिका आहे. नववीच्या मुलींना 'बहुमत' हा शब्द फळ्यावर लिहून देणं सोपं आहे. पण शंभरातले बावन्न एकीकडे आणि अठ्ठेचाळीस दुसरीकडे निघाले, तर त्या अठ्ठेचाळिसांनी काय करायचं, हे त्यांना समजावणं फार अवघड. आणि दुसरं कारण अगदी घरचं. माझी मावसबहीण, आमची ताई, गेली कित्येक वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. या एका प्रश्नापायी तिच्या घरात बाप आणि लेक जवळजवळ पाच महिने एकमेकांशी नीट बोलत नव्हते.

आधी थोडा इतिहास सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. ब्रिटन या कुटुंबात आला तो १ जानेवारी १९७३ रोजी. तेव्हा त्याला युरोपीय आर्थिक समुदाय म्हणत. दोनच वर्षांनी, जून १९७५ मध्ये, राहायचं की नाही यावर सार्वमत घेतलं गेलं आणि ६७ टक्के लोकांनी 'राहू या' म्हटलं. गंमत पाहा, त्या वेळी हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने प्रचार करत होत्या, आणि त्यासाठी त्यांनी सदस्य देशांचे झेंडे विणलेला स्वेटर घातला होता! पुढे त्याच बाई पंतप्रधान झाल्या आणि युरोपशी पैशांवरून चांगल्याच भांडल्या. म्हणजे धुसफूस जुनीच. ब्रिटन एकत्र राहिला खरा, पण आपली थैली त्याने वेगळीच ठेवली. बऱ्याच जणांनी युरो घेतला, याने पौंड सोडला नाही.

या एकत्र राहण्यात सोयी पुष्कळ होत्या. एका देशातला माल दुसऱ्या देशात जकातीशिवाय जाई. कुणीही कुठल्याही सदस्य देशात जाऊन राहावं, नोकरी करावी. पण त्याचबरोबर वर्गणी भरावी लागे, आणि पुष्कळसे नियम सर्वांचे मिळून ठरत. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला यातलं सुखही कळेल आणि दुखणंही. भाजी कोणती करायची, हेसुद्धा एकटीने ठरवता येत नाही, हो ना?

२००४ मध्ये पोलंडसारखे पूर्वेकडचे देश संघात आले आणि तिथून लाखो माणसं कामासाठी ब्रिटनमध्ये उतरली. काही गावांत शाळा अपुऱ्या पडू लागल्या, डॉक्टरांकडे रांगा वाढल्या. दोष पाहुण्यांचा, की शाळा-दवाखान्यांवर खर्च न करणाऱ्या सरकारचा, यावर वाद सुरू झाले. शेवटी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सार्वमत जाहीर केलं. २३ जून २०१६ ला मतदान झालं. ५१.९ टक्के म्हणाले 'बाहेर पडू', ४८.१ टक्के म्हणाले 'राहू'. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडायच्या बाजूने. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड राहायच्या. म्हणजे घर सोडायचं ठरवताना घरातल्या भिंतींनाच तडे गेले.

आता ताईच्या घरात चला. भावोजींनी 'बाहेर' असं मत दिलं. त्यांचं म्हणणं काय होतं? "आम्ही इथे आलो तेव्हा किती कागद, किती फिया, किती वर्षं वाट पाहिली! माझ्या आईला चार महिने इथे आणायचं तर हजार प्रश्न. आणि युरोपातला मुलगा नुसता विमानात बसला की आला. हा कुठला न्याय?" मैत्रिणींनो, हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्याकडून तिकडे गेलेल्या अनेकांच्या मनात तेच होतं.

ताईने 'राहू' असं मत दिलं. ती एका दवाखान्यात काम करते. तिच्या पाळीवर स्पेन-पोर्तुगालच्या नर्सेस होत्या. "त्या गेल्या तर रात्रपाळी कोण करणार?" एवढंच तिचं राजकारण. आणि बरं का, ताईने आपला भारतीय पासपोर्ट अजून सोडलेला नाही, तरीही तिला मत होतं! राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये राहतात, त्यांना तिथे मतदानाचा हक्क आहे.

भाची मात्र तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला मत नव्हतं. "पुढची साठ वर्षं मला जगायची आहेत आणि ठरवणार तुम्ही!" असं बापाला म्हणून ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हे काही एकाच घरात घडलं नाही. मतदानानंतरच्या पाहण्यांत दिसलं की तरुणांचा कल राहण्याकडे होता आणि वयस्कांचा बाहेर पडण्याकडे. बाहेर पडण्याच्या बाजूचे मोठे पुढारी बोरिस जॉन्सन, त्यांची सख्खी बहीण आणि धाकटा भाऊ दोघंही विरुद्ध बाजूला होते. थोरले बंधू पंतप्रधान असताना, सप्टेंबर २०१९ मध्ये, या धाकट्या भावाने मंत्रिपद सोडलं. घरची निष्ठा आणि देशाचं हित यांत आपली ओढाताण होते आहे, असं कारण त्याने दिलं. जाऊबाई-नणंदांच्या कुरबुरी आपण फार मोठ्या समजतो, नाही का?

यात आपल्या गोव्याचाही एक धागा आहे. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. तो पासपोर्ट हाती आला की युरोपभर मोकळीक. म्हणून हजारो गोवेकर इंग्लंडला गेले. स्विंडन गावात तर त्यांची मोठी वस्ती आहे. पण सार्वमतात युरोपीय देशांच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा, सायप्रस हे तीन देश सोडले तर, मत नव्हतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर राहणारी ताई मत देऊ शकली, आणि पोर्तुगीज पासपोर्टवरच्या गोवेकर बाईला आपलं भवितव्य दुसरे काय ठरवतात, हे नुसतं बघत बसावं लागलं. २०२० च्या अखेरीस ती वाट नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाली. आधी आलेल्यांना अर्ज करून राहण्याचा हक्क मिळवावा लागला.

आता खरा मुद्दा. मी वर्गात एक प्रयोग केला. मुलींना विचारलं, "यंदा सहल गावाबाहेर न्यायची का? हो की नाही?" चाळीसपैकी एकतीस हात वर! मग विचारलं, "कुठे?" कुणी समुद्र म्हणालं, कुणी किल्ला, कुणी लेणी, कुणी रात्री मुक्कामाची जागा. एकाही जागेला वीस हातसुद्धा मिळाले नाहीत. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे जायचं सगळ्यांना आहे, पण एका गाडीत बसायचं कुणालाच नाही!"

ब्रिटनचं नेमकं हेच झालं. मतपत्रिकेवर दोनच उत्तरं होती, राहायचं की सोडायचं. पण 'सोडायचं' म्हणणाऱ्यांच्या मनातली नवी घरं निरनिराळी होती. कुणाला फक्त बाहेरून येणारी माणसं कमी व्हायला हवी होती. कुणाला कायदे आपल्याच पार्लमेंटने करावेत असं वाटत होतं. कोळ्यांना आपला समुद्र परत हवा होता. कुणाला व्यापार तसाच ठेवून बाकीचं तोडायचं होतं. थेरेसा मे बाई पंतप्रधान झाल्या, त्यांनी मोठ्या कष्टाने करार केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये पार्लमेंटने तो ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. पुढे आणखी दोनदा फेटाळला. २७ मार्च २०१९ ला खासदारांपुढे आठ निरनिराळे पर्याय ठेवले गेले. एकालाही बहुमत मिळालं नाही! शेवटी डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन यांना स्पष्ट बहुमत मिळालं आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडला. ठरवल्यापासून उंबरठा ओलांडेपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला.

आणि त्या काळात जीभ किती सुटावी! दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती झाली. एका लाल बसवर लिहिलं होतं की आपण आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला देतो. त्यातली मोठी सवलत आधीच वजा होत होती, हे त्या बसवर नव्हतं. दुसरीकडे सरकारी अर्थखात्याने सांगितलं, 'बाहेर' असं मत दिलंत तर लगेच मंदी येईल. पौंड घसरला, पण ती तत्काळ मंदी काही आली नाही. न्यायाधीशांनी पार्लमेंटला विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा निकाल दिला, तर एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर त्यांचे फोटो छापून त्यांना जनतेचे शत्रू ठरवलं. सर्वांत दुःखाची गोष्ट म्हणजे मतदानाला आठवडा उरला असताना, १६ जून २०१६ ला, राहण्याच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांची भर रस्त्यात हत्या झाली. दोन लहान मुलांची आई होती ती. आपल्याला वेगळं करणाऱ्या गोष्टींपेक्षा जोडणाऱ्या गोष्टी जास्त आहेत, असं तिने पार्लमेंटमधल्या आपल्या पहिल्याच भाषणात सांगितलं होतं.

मग वेगळं निघून काय मिळालं? पासपोर्ट पुन्हा निळा झाला. पण तो छापण्याचं काम एका फ्रेंच-डच कंपनीला मिळालं आणि छपाई पोलंडमध्ये झाली! कायदे आता आपले आपण करता येतात, व्यापाराचे करार स्वतंत्रपणे करता येतात. जुलै २०२५ मध्ये भारताबरोबरच्या करारावर सह्या झाल्या त्या म्हणूनच. पण युरोपशी व्यापार करताना कागदपत्रं वाढली. सरकारच्याच अर्थविषयक अंदाज करणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा हिशेब असा, की देशाची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. आणि बाहेरून येणारे? युरोपातून कमी झाले, पण आपल्यासारख्या देशांतून इतके वाढले की २०२३ च्या सुमारास वर्षाला आले-गेले वजा जाता नऊ लाखांहून अधिक माणसांची भर पडली. भावोजी म्हणतात, "निदान आता सर्वांना एकच नियम." ताई म्हणते, "रात्रपाळीला आता स्पेनऐवजी केरळच्या मुली आहेत, एवढाच फरक." दोघंही आपापल्या जागी अजून ठाम आहेत.

मग ते घर सांधलं कसं? मतं बदलून नव्हे. ताईने एक नियम केला. जेवणाच्या टेबलावर ब्रेक्झिट नाही. जेवण झाल्यावर हवं तेवढं भांडा, पण जो बोलेल त्याने भांडी पुसायची. पहिले दोन आठवडे बाप-लेक मुकाट्याने भांडी पुसत. तिसऱ्या आठवड्यात भाचीने विचारलं, "बाबा, आजीच्या व्हिसाला खरंच एवढा त्रास झाला होता का?" आणि बापाने प्रथमच वाद घालण्याऐवजी ती सगळी हकिकत सांगितली. आज भाची डब्लिनला नोकरी करते. आयर्लंड युरोपीय संघात आहे, आणि ब्रिटिश माणसाला तिथे राहायला जुन्या समझोत्यामुळे आजही परवानगी लागत नाही. दर रविवारी बापाचा फोन जातो. एकमत झालेलं नाही. बोलणं मात्र थांबलेलं नाही.

मैत्रिणींनो, वेगळं निघणं हे नेहमीच वाईट असतं, असं मी म्हणणार नाही. कित्येक सुनांनी वेगळ्या चुलीवरच पहिला सुखाचा घास खाल्ला आहे. पण 'निघायचं का?' याच्या आधी 'कुठे, कसं, आणि मागे राहणाऱ्यांचं काय?' हे प्रश्न मांडून घ्यावेत. म्हाताऱ्यांना कोण पाहणार, कर्ज कुणाच्या नावे, सणाला कुणाकडे जमायचं, हे कागदावर लिहून मग हात वर करायला सांगावेत. आणि हात मोजून झाल्यावर, ज्यांचे हात कमी भरले त्यांना 'आता गप्प बसा' असं कधी म्हणू नये. कारण निकाल लागला तरी ती माणसं घरातच असतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाही चहा लागतोच.