साडेआठची तालीम

राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिचा बराचसा भार दिवसभर दुसरंच काही करणाऱ्या माणसांनी वाहिला आहे. आमच्या चमूत बँकेतले दोघं, एक प्राथमिक शिक्षक, एसटीतला एक वाहक, औषधांचं दुकान चालवणारा एक जण आणि मी. दुकान आठच्या आधी बंद होत नाही, वाहकाची ड्यूटी आठवड्याला बदलते. म्हणून तालीम साडेआठला, म्हणजे नऊला. शाळेच्या हॉलमधली बाकं सरकवायची, न आलेल्यांना फोन लावायचे, एकाच्या जागी दुसऱ्याने संवाद वाचायचे. नाटक बसतं ते या सगळ्यातून उरलेल्या वेळात.

*

पुरुष तालमीला निघतो तेव्हा चप्पल घालतो आणि निघतो. मी निघते तेव्हा पोळ्या झालेल्या असतात, कुकर उतरलेला असतो, मुलाची उद्याची वही सापडलेली असते, सासूबाईंच्या रात्रीच्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या असतात. सासूबाई म्हणतात, "जा गं, आमटी मी गरम करून घेते." त्यांचा स्वर चांगलाच असतो. पण त्या आमटी गरम करतात म्हणून मी जाऊ शकते, हे मला पायऱ्या उतरताना ठाऊक असतं. सहकलाकारांपैकी किती जणांना आपल्या घरची आमटी कोण गरम करतं ते ठाऊक असेल, शंकाच आहे.

*

हौशी संस्थांत संहिता निवडताना पहिला प्रश्न विषयाचा नसतो. "बायका किती?" तीनपेक्षा जास्त निघाल्या की संहिता बाजूला. स्त्रीपात्रविरहित एकांकिकांचा एक वेगळा कप्पाच आपल्याकडे तयार झाला आहे. गावात अभिनय करू शकणाऱ्या बायका नाहीत, असं कारण दिलं जातं. मला ते पटत नाही. त्याच बायका मंगळागौरीच्या स्पर्धेत तासभर फुगड्या-झिम्मा घालून दमत नाहीत आणि भजनी मंडळात तीन तास बसतात. फरक एवढाच की ते कार्यक्रम बहुधा दुपारी असतात.

*

"आवडीसाठी नोकरी सोडली" या गोष्टीला टाळ्या फार मिळतात. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण हमखास दिलं जातं. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, १९६९ मध्ये 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्णवेळ नट. गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तोवर त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि त्याआधीची कित्येक वर्षं पुण्यात हौशी नाटकं आणि वैद्यकी शेजारी शेजारी चालली होती. त्यांचं आत्मचरित्र 'लमाण' वाचताना मला ती वर्षं जास्त जवळची वाटतात.

डॉ. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर होते आणि १९७२ मध्ये पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणत होते. दौंड-पुणे हे अंतर ज्याने गाडीने ये-जा करत कापलं आहे, त्याला यातले कष्ट वेगळे सांगायला नकोत.

*

पुण्यातले दिनकर केळकर चष्म्यांचे व्यापारी. दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, वाद्यं गोळा करत राहिले. गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने या वस्तूंचं संग्रहालय झालं आणि १९७५ मध्ये ते त्यांनी शासनाच्या हाती दिलं. तिथे गेल्यावर माझा मुलगा अडकित्त्यांसमोर रमला. मी मात्र घरातल्या पैशांचा हिशेब करत उभी होते. एकेका वस्तूपायी त्या महिन्यात घरात काय आलं नसेल? पत्नी कमलाबाईंनी साथ दिली, असं एका वाक्यात सांगून आपण पुढच्या दालनात जातो.

*

बहिणाबाई चौधरींना शेत आणि घर यांतून वेगळा वेळ कुणी दिला नव्हता. जात्यावर, चुलीपाशी, मळ्यात त्यांच्या ओव्या झाल्या. लिहिता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी, त्या जपल्या म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं. हे उदाहरण देऊन "इच्छा असली की वेळ निघतोच" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. जे हरवलं त्याची यादी कुणाकडे आहे?

*

रात्री दोन तास मोबाइल चाळत पडलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, "यातून तुला मिळतं काय?" तालमीहून आलेल्याला विचारतात.

*

अंतिम फेरी आणि मुलाची चाचणी एकाच आठवड्यात आली, तर काय करायचं? माझं उत्तर ठरलेलं नाही. गेल्या खेपेला यांनी अभ्यास घेतला आणि गणित माझ्यापेक्षा बरं शिकवलं. त्या आधीच्या खेपेला मी भूमिका सोडली, दुसरीने केली, चांगली केली. वाईट वाटायचं ते वाटलंच.

*

नाट्यसंस्था चालवणाऱ्यांना एक विनंती. तालीम सातला सुरू करा आणि साडेनऊला संपवा. उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नका. महिन्याचं वेळापत्रक आधी द्या, म्हणजे घरी सांगता येतं. रविवारी सकाळची तालीम ठेवा आणि लहान मुलांना हॉलमध्ये येऊ द्या, ती विंगेत बसतात, फार त्रास देत नाहीत. एवढं वर्षभर करून बघा. मग संहिता निवडताना "बायका किती?" हा प्रश्न पहिला विचारावा लागणार नाही.